सोनखतातले धातू

माणसाच्या मैल्यापासून केलेल्या खताला मराठीत 'सोनखत' म्हणतात. हा शब्द ज्याने प्रथम वापरला त्याला पिकाची पारख होती यात शंका नाही. शेतातून धान्य आणि भाजी गावात जाते, त्याबरोबर नत्र, स्फुरद आणि पालाश जातात. गावाने आपला मैला शेताला परत दिला की हे चक्र पुरे होते. गेल्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या आसपासच्या बागायतीत सोनखताला चांगला भाव होता. युरोपातही हाच विचार होता. लंडनचे मैलापाणी टेम्स नदीत आणि तेथून समुद्रात जाते म्हणजे देशाच्या जमिनीचे सत्त्वच वाहून जाते, अशी तक्रार जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग एकोणिसाव्या शतकात करीत असे.

मात्र खेड्यातील खड्ड्यातले सोनखत आणि मोठ्या औद्योगिक शहराच्या सांडपाण्यातून निघणारा गाळ या एकच गोष्टी नव्हेत. दोहोंत नत्र आहे, स्फुरद आहे, सेंद्रिय द्रव्य आहे. दुसऱ्यात आणखीही काही आहे. हे 'आणखी काही' म्हणजे काय आणि शेतात गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हे कळायला किती वर्षे लागली? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील एका शेतावरच्या प्रयोगात सापडते. त्या शेताचा महाराष्ट्राशी एक जुना संबंधही आहे. तो प्रयोग या लेखात आपण थोडा तपशिलात पाहू.

गाळ येतो कोठून?

सांडपाणी शुद्ध करण्याची जी पद्धत आज जगभर सर्वाधिक वापरली जाते ती १९१४ साली मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सिद्ध केली. मैलापाण्यात हवा फुंकली की त्यातील जीवाणू वेगाने वाढतात, पाण्यातील सेंद्रिय घाण खातात आणि शेवटी गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. त्या गाळाचा काही भाग पुन्हा नव्या मैलापाण्यात मिसळला की काम आणखी जलद होते. या दोघांना मार्गदर्शन करणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि पुढे काही वर्षे येथेच राहिले. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे फार लवकर पोहोचली होती.

या पद्धतीत पाणी स्वच्छ होते, पण गाळ उरतो. दररोज उरतो आणि भरपूर उरतो. त्याचे करायचे काय? तो समुद्रात टाकता येतो, जाळता येतो, खड्ड्यात पुरता येतो, किंवा शेतात घालता येतो. चारही मार्ग निरनिराळ्या देशांनी वापरले. अमेरिकेतील मिल्वॉकी शहराने तर १९२६ पासून आपला गाळ वाळवून, पोत्यात भरून खत म्हणून विकायला सुरुवात केली.

आता धातूंकडे वळू. शहराच्या गटारात केवळ घरातले पाणी येत नाही. धातूंवर मुलामा देणारे कारखाने, बॅटऱ्या बनवणारे कारखाने, कातडी कमावणारे कारखाने, रंगांचे कारखाने यांचेही पाणी येते. जस्ताचा लेप दिलेले पत्रे, तांब्याचे नळ आणि रस्त्यावरची धूळ यांतूनही धातू येतात. हे धातू पाण्यात विरघळलेल्या स्थितीत फारसे राहत नाहीत. ते सेंद्रिय कणांना आणि जीवाणूंच्या पेशींना चिकटतात आणि त्यांच्याबरोबर खाली बसतात. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी धातूंपासून बरेचसे मुक्त होते याचे कारण ते धातू गाळात गेलेले असतात. पाणी जितके चांगले शुद्ध होईल तितका गाळ धातूंनी अधिक भरलेला, असा हा व्यवहार आहे.

जस्त, तांबे, निकेल, कॅडमियम, शिसे, क्रोमियम आणि पारा ही या यादीतली मुख्य नावे. यांपैकी जस्त आणि तांबे पिकांना अल्प प्रमाणात हवेच असतात. महाराष्ट्रातील पुष्कळ जमिनींत जस्त कमी पडते म्हणून शेतकरी झिंक सल्फेट विकत आणून घालतात. तेव्हा धातू म्हणजे विष असे सरसकट म्हणता येणार नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि त्याहूनही अधिक, साठत जाण्याचा आहे.

एक साधे गणित

नत्र हवेत उडून जाते, पाण्याबरोबर झिरपते, पीक उचलते. सेंद्रिय द्रव्य कुजते. धातूचे मूलद्रव्य मात्र कुजत नाही, जळत नाही, दुसऱ्या कशात बदलत नाही. म्हणून त्याचा हिशेब जमाखर्चाच्या वहीसारखा मांडता येतो. हे गणित आठवी-नववीच्या मुलांनाही करता येईल.

एक हेक्टर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर घ्या. मातीची घनता दर घन सेंटिमीटरला दीड ग्रॅम धरली तर त्याचे वजन सुमारे साडेबावीस लाख किलोग्रॅम भरते. समजा, दरवर्षी हेक्टरी दहा टन कोरडा गाळ घातला आणि त्या गाळात दर किलोग्रॅमला ३,००० मिलिग्रॅम जस्त व ५० मिलिग्रॅम कॅडमियम आहे. (हे आकडे गणितासाठी घेतले आहेत. पूर्वीच्या औद्योगिक शहरांच्या गाळात असे प्रमाण असणे मुळीच नवलाचे नव्हते.) म्हणजे दरवर्षी ३० किलो जस्त आणि अर्धा किलो कॅडमियम जमिनीत गेले. मातीच्या दर किलोग्रॅममागे ही वाढ जस्तासाठी १३ मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅडमियमसाठी ०.२२ मिलिग्रॅम एवढी होते. एका वर्षाचा आकडा क्षुल्लक दिसतो. वीस वर्षांनी तो सुमारे २६७ आणि ४.४ होतो. युरोपीय समुदायाने १९८६ साली गाळ घातलेल्या जमिनीसाठी ज्या कमाल मर्यादा ठरवल्या त्या जस्तासाठी १५० ते ३०० आणि कॅडमियमसाठी १ ते ३ मिलिग्रॅम आहेत.

खर्चाची बाजू काय? पीक दरवर्षी हेक्टरी काहीशे ग्रॅम जस्त आणि जेमतेम काही ग्रॅम कॅडमियम उचलते. तेव्हा जमा झालेले परत काढायला शतके लागतील. हे गणित १९४२ सालीही कोणालाही करता आले असते. पण प्रश्न विचारल्याखेरीज गणित सुरू होत नाही.

पुण्याहून वोबर्नला

लंडनच्या उत्तरेस बेडफर्डशर परगण्यात वोबर्न नावाचे प्रायोगिक शेत आहे. ते १८७६ साली इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने सुरू केले. त्याचा कारभार पुढे दीर्घकाळ पाहणारे जॉन ऑगस्टस व्होल्कर हे ब्रिटिश सरकारच्या सांगण्यावरून भारतात आले होते. भारतीय शेतीवरील त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकऱ्याला अडाणी समजू नये, आणि शेण जाळले जाते ते इंधनाच्या टंचाईमुळे, हे त्यांनी त्यात स्पष्टपणे लिहिले. १९२६ साली वोबर्न हे शेत रॉथॅमस्टेड या प्रसिद्ध संशोधन केंद्राकडे आले आणि १९२८ साली तेथे प्रमुख म्हणून हॅरल्ड मान दाखल झाले.

हे नाव मराठी वाचकांना अगदीच अपरिचित नसावे. मान १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक म्हणून १९२७ पर्यंत त्यांनी काम केले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घर न् घर, शेत न् शेत पाहणी करून त्यांनी १९१७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो भारतातील ग्रामीण अर्थशास्त्रीय पाहणीचा पाया मानला जातो. दुसऱ्या एका गावाची, जातेगाव बुद्रुकची पाहणी त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह केली आणि ती १९२१ साली छापली. जमीन तुकड्यातुकड्यांत कशी वाटली जाते आणि शेतकरी कर्जात कसा बुडतो हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. असा हा आकडेवारीचा कसलेला माणूस पुढे वोबर्नच्या रेताड जमिनीवर १९५६ पर्यंत, म्हणजे वयाची ऐंशी ओलांडेपर्यंत, प्रयोग करीत राहिला.

त्या काळी इंग्लंडमधील भाजीमळेवाल्यांपुढे एक अडचण उभी होती. शहरांतल्या घोडागाड्यांच्या जागी मोटारी आल्या होत्या, त्यामुळे घोड्यांच्या तबेल्यांतून मिळणारे खत आटले होते. त्याऐवजी काय घालावे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी १९४२ साली वोबर्न येथे 'भाजीमळ्याचा प्रयोग' सुरू झाला. वाफे पाडले गेले. काही वाफ्यांना शेणखत, काहींना पालापाचोळ्याचे कंपोस्ट, काहींना नुसती रासायनिक खते, काहींना मैलापाण्याचा गाळ आणि काहींना पेंढ्यात कुजवलेला गाळ, अशी योजना होती. गाळ आणला होता तो पश्चिम लंडनच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून. लंडनचा हा भाग तेव्हा कारखान्यांनी झपाट्याने भरत होता. वाफ्यांत कोबी, बीट, लीक अशा भाज्या लावल्या जात आणि वर्षानुवर्षे उत्पन्न मोजले जाई.

प्रश्न होता तो उत्पन्नाचा आणि जमिनीतील सेंद्रिय द्रव्याचा. मान यांनी १९५७ साली एका सहकाऱ्यासह जो निबंध लिहिला त्याचा विषयही मातीत घातलेले सेंद्रिय द्रव्य किती काळ टिकते हाच होता. धातूंचा विचार या प्रयोगाच्या आखणीत नव्हता. गाळ घालणे १९६१ साली थांबले. त्याच वर्षी मान यांचे निधन झाले.

बरण्या उघडतात

रॉथॅमस्टेडची एक चांगली सवय आहे. तेथे १८४३ पासून मातीचे, पिकांचे आणि खतांचे नमुने वाळवून, नाव आणि तारीख घालून बरण्यांत जपून ठेवले जातात. आज अशा नमुन्यांची संख्या सुमारे तीन लाख आहे. पुढे कोण, कशासाठी, कोणत्या उपकरणाने तपासणार हे ठेवणाऱ्याला माहीत नसते.

भाजीमळ्याच्या प्रयोगातले नमुनेही असेच ठेवलेले होते. १९६८ साली ल रिश या रॉथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञाने त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. गाळ घातलेल्या वाफ्यांत जड धातूंचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले होते आणि त्या वाफ्यांतल्या भाज्यांतही काही धातू अधिक होते. गाळ बंद करून काही वर्षे झाली होती, तरी धातू तेथेच होते.

१९८० नंतर स्टीव्ह मॅग्रा आणि त्यांचे सहकारी या वाफ्यांकडे पुन्हा वळले. त्यांच्यापुढचे पहिले कोडे हिशेबाचे होते. गाळाचे जुने नमुने हाती असल्याने वीस वर्षांत प्रत्येक वाफ्यात किती धातू घातला हे काढता येत होते. वाफ्यातल्या मातीचे विश्लेषण केले तेव्हा मात्र त्यातला बराच मोठा भाग गायब असल्याचे दिसले. तो गेला कोठे? पाण्याबरोबर खोल झिरपला असे कोणीही म्हटले असते, आणि तसे असते तर एका परीने चिंता मिटली असती आणि दुसऱ्या परीने वाढली असती. जमीन सुटली, भूजल अडकले!

पण खालच्या थरांत धातू फारसे उतरलेले नव्हते. मग वाफ्यांच्या बाहेरची, बाजूची माती तपासली गेली. हरवलेले धातू तेथे सापडले. वाफे लहान होते. वर्षानुवर्षे नांगरट आणि मशागत करताना माती थोडी थोडी बाजूला ओढली गेली होती, आणि शेजारची स्वच्छ माती आत आली होती. ही बाजूची सरक हिशेबात धरली तेव्हा घातलेल्या धातूंपैकी बहुतेक सगळे वरच्या थरातच सापडले. मॅग्रा आणि लेन यांनी हे १९८९ साली प्रसिद्ध केले. शेतावरच्या लहान वाफ्यांवर काम करणाऱ्या आम्हां सर्वांना हा निबंध एक इशारा आहे. वहीत रकाना जुळत नसेल तर सोपे कारण चिकटवण्याआधी कुंपणापलीकडची मातीही खणून पाहावी.

पिवळे पडलेले क्लोव्हर

धातू आहेत हे ठरले. त्यांनी बिघडते काय? भाज्या तर वाढत होत्या.

याचे उत्तर आधी मातीतल्या सूक्ष्मजीवांनी दिले. मातीला क्लोरोफॉर्मची धुरी दिली की त्यातले सूक्ष्मजीव मरतात. मग त्यांच्या पेशींतून सुटलेला कार्बन मोजून ते मुळात किती होते याचा अंदाज करता येतो. ही पद्धत रॉथॅमस्टेड येथेच १९७०च्या दशकात विकसित झाली. फिल ब्रुक्स आणि मॅग्रा यांनी ती भाजीमळ्याच्या मातीला लावली आणि १९८४ साली निष्कर्ष छापला. गाळ घातलेल्या वाफ्यांत शेणखताच्या वाफ्यांच्या मानाने सूक्ष्मजीवांचे वस्तुमान जवळजवळ निम्मे होते. गाळ बंद होऊन वीस वर्षे उलटली होती.

यानंतरचा शोध अधिक बोलका होता. या मातीत पांढरे क्लोव्हर लावले गेले. हे आपल्याकडच्या बरसीमचे जवळचे भाऊबंद. शेणखताच्या मातीत ते तरारले, गाळाच्या मातीत खुरटे आणि पिवळे राहिले. धातूंचे विष झाडाला बाधले असावे असे प्रथम वाटेल. पण त्याच मातीत नत्रखत घातले की क्लोव्हर व्यवस्थित वाढे! म्हणजे झाडाला विषबाधा झालेली नव्हती, त्याची उपासमार होत होती.

द्विदल वनस्पती हवेतले नत्र मिळवतात ते मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या रायझोबियम जीवाणूंच्या मदतीने. काम करणारी गाठ मोठी असते आणि आतून गुलाबी दिसते. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्या एका द्रव्याचा असतो. गाळाच्या मातीतल्या क्लोव्हरलाही गाठी होत्या, पण लहान आणि पांढऱ्या. मॅग्रा, ब्रुक्स आणि केन गिलर यांनी हे १९८८ साली प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी गिलर, मॅग्रा आणि पेनी हर्श यांनी कारण दाखवले. त्या मातीत रायझोबियम होते, पण नत्र बांधण्यास असमर्थ असा प्रकारच तेवढा तगला होता. १९९३ साली या जीवाणूंची जनुकीय तपासणी झाली. शेणखताच्या वाफ्यांत विविध प्रकार नांदत होते, तर गाळाच्या वाफ्यांतली विविधता फारच आटलेली होती.

मग बाहेरून चांगले जीवाणू आणून सोडले तर? तसेही करून पाहिले. जीवाणू सोडल्याबरोबर क्लोव्हर पेरले तर गाठी धरत. मात्र जीवाणू सोडून माती दोन महिने तशीच ठेवली आणि मग पेरणी केली, तर ते बहुतांशी मेलेले असत. गाठीच्या आत रायझोबियम सुरक्षित असतो. पीक निघाल्यावर मात्र त्याला मोकळ्या मातीत दिवस काढावे लागतात आणि तेथे धातू त्याला जगू देत नाहीत. हिरव्या-निळ्या शेवाळांचे नत्र बांधण्याचे कामही या मातीत मंदावल्याचे १९८६ साली दिसले होते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. या वाफ्यांत कॅडमियम युरोपीय मर्यादेच्या वर होते, पण जस्त, तांबे आणि निकेल त्या मर्यादेच्या आसपासच होते. मर्यादा ठरवताना मुख्यतः पिकाला होणारी इजा आणि माणसाच्या पोटात जाणारा धातू पाहिला गेला होता. पिकाच्या आधी पिकाचा सोबती मरतो, ही शक्यता त्या आकड्यांत धरलेली नव्हती.

आकडे बदलले, वाद उरला

या संशोधनाचा कायद्यावर परिणाम झाला. ब्रिटनमध्ये १९९३ साली स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या समितीने मातीतील जस्ताची मर्यादा ३०० वरून २०० वर आणावी अशी शिफारस केली आणि नंतर ती गाळवापराच्या आचारसंहितेत आली. १९९४ साली ब्रिटनमध्ये नऊ ठिकाणी, निरनिराळ्या जमिनींवर, नवे दीर्घकालीन प्रयोग सुरू झाले. कारण वोबर्नच्या टीकाकारांचा मुद्दा रास्त होता. ही एका जागेची, रेताड जमिनीची आणि कारखान्यांच्या धातूंनी असाधारण भरलेल्या जुन्या गाळाची कथा होती.

अमेरिकेने याच सुमारास, १९९३ साली, वेगळी वाट धरली. तेथील नियमांत एका हेक्टरात एकूण ३९ किलो कॅडमियम आणि २,८०० किलो जस्त जाऊ देण्याची मुभा आहे. वरच्याच गणिताने पाहिले तर मातीच्या दर किलोग्रॅममागे हे सुमारे १७ मिलिग्रॅम कॅडमियम आणि १,२०० मिलिग्रॅमहून अधिक जस्त होते. युरोपच्या मर्यादेच्या कितीतरी पट! विज्ञान तेच, मग आकडे इतके दूर कसे?

यामागे दोन मते आहेत. एका मताप्रमाणे गाळातली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे व सेंद्रिय द्रव्य धातूंना पकडून ठेवतात. त्यामुळे गाळ कितीही घातला तरी पिकात जाणारा धातू एका पातळीपलीकडे वाढत नाही. दुसऱ्या मताप्रमाणे हे संरक्षण तात्पुरते आहे. सेंद्रिय द्रव्य कुजून गेले की धरलेले धातू सुटतील, आणि आज शांत दिसणारी जमीन उद्या अचानक बाधेल. याला काहींनी 'मुदतीचा बाँब' असेच नाव दिले. वोबर्नच्या बरण्यांनी या वादातही साक्ष दिली. मॅग्रा आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की गाळ थांबल्यानंतरच्या तेवीस वर्षांत जस्त आणि कॅडमियम मातीतून निघून येण्याचे प्रमाण थोडे वर-खाली झाले, पण सातत्याने घटले नाही. म्हणजे बाँब फुटला नाही, आणि वेळ जाईल तसे विष आपोआप निवळेल ही आशाही खरी ठरली नाही.

खरा फरक पडला तो उगमाशी. कारखान्यांनी आपले धातू गटारात सोडण्याआधीच वेगळे काढावेत असे नियम आल्यावर युरोपातील गाळातले धातू पुढच्या काही दशकांत पुष्कळ घटले. तरीही सर्वांचे समाधान झाले नाही. स्वित्झर्लंडने २००६ पर्यंत गाळाचा शेतीतला वापर बंद केला. अमेरिकेतील मेन राज्याने २०२२ साली तसेच केले, मात्र तेथे कारण धातूंचे नव्हते, न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांचे होते. गटारात आपण जे ओततो त्याची यादी वाढत जाते तसा गाळही बदलत जातो.

आपल्याकडे काय घ्यावे?

वोबर्नचे आकडे जसेच्या तसे महाराष्ट्राला लावता येणार नाहीत. आपली काळी जमीन चिकणमातीची, चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहे. अशा जमिनीत धातू अधिक घट्ट धरले जातात. कोकणातल्या आणि गोव्याच्या जांभ्या जमिनी आम्लधर्मी असतात, तेथे तेच धातू अधिक सहज सुटतात. एकच मर्यादा दोन्हीकडे लावणे योग्य होणार नाही. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी धातूंच्या मर्यादा दिलेल्या आहेत. उदाहरणार्थ, दर किलोग्रॅमला कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि जस्त १,००० मिलिग्रॅम. ही मर्यादा खताची झाली. तेच खत वीस वर्षे घातल्यावर जमिनीत किती साठेल, हा वरच्या गणिताचा प्रश्न वेगळाच राहतो. तो प्रत्येक जमिनीसाठी मातीचे नमुने तपासूनच सोडवावा लागेल.

दुसरी बाब आपल्या पिकांची. तूर, हरभरा, मूग, भुईमूग, सोयाबीन ही सर्व द्विदल पिके गाठींच्या भरवशावर उभी आहेत. नत्रखत भरपूर घालणाऱ्या शेतात गाठी निकामी झाल्या तरी पटकन कळणार नाही, कारण पीक हिरवेच दिसेल. फटका बसेल तो कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्याला नत्र विकत घेणे परवडत नाही.

याचा अर्थ गाळ फेकून द्यावा असा नाही. स्फुरदाचे दगडी साठे मर्यादित आहेत आणि आपला देश ते मोठ्या प्रमाणावर आयात करतो. गाळातले स्फुरद वाया घालवणे शहाणपणाचे नाही. घरांच्या सांडपाण्याचा गाळ हा तपासून वापरण्याजोगा माल आहे. कारखान्याचे पाणी त्याच गटारात मिसळले की तो माल बिघडतो आणि बिघडल्यावर त्यातून धातू वेगळे काढणे फार खर्चाचे होते. म्हणून दोन गटारे वेगळी ठेवणे, निदान धातू कारखान्याच्या दारातच अडवणे, हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वर्गात करता येईल असे

शाळेत कॅडमियम मोजता येणार नाही, पण गाठी पाहता येतात. पीक फुलोऱ्यात असताना मूग, हरभरा किंवा भुईमूग यांची चार-पाच रोपे ओल्या मातीतून हलक्या हाताने, मुळे न तोडता खणून काढावीत. मुळे पाण्यात धुवावीत. गाठी मोजाव्यात आणि ब्लेडने कापून आतला रंग पाहावा. गुलाबी किती, पांढऱ्या किंवा हिरवट किती, असा तक्ता करावा. निरनिराळ्या शेतांतली, निरनिराळी खते घातलेली रोपे आणली तर तुलना करता येईल. गाठी कमी असण्याची कारणे पुष्कळ असतात: पाणी साचणे, जास्त नत्रखत, मातीत योग्य जीवाणूच नसणे. तेव्हा गाठी पांढऱ्या दिसल्या की धातूंचाच दोष, असा निष्कर्ष मुलांना काढू देऊ नये. दोन कारणांत फरक कसा ओळखावा, यावर चर्चा घडवली तर ते अधिक मोलाचे ठरेल. क्लोव्हरला नत्रखत घालून पाहण्याची युक्ती मुलांना आपणहून सुचते का, हेही पाहावे.

आणि शाळेच्या आवारातली मूठभर माती वाळवून, बरणीत भरून, तारीख व जागा लिहून कपाटात ठेवावी. बरणीत दरवर्षी एकाची भर घालावी. चिठ्ठीवर त्या वर्षी बागेत कोणते खत घातले आणि ते कोठून आणले एवढे मात्र न चुकता लिहावे. वोबर्नला हिशेब लागला तो याच दोन नोंदींमुळे.